नम्रता आणि लाचारी



नम्रतेवर उपदेश करणे सोपे आहे. पण तो उपदेश कोणापुढे होत आहे, इकडे लक्ष देणे त्याहून अगत्याचे आहे. एकच औषध एकास गुण देते व दुसऱ्यास बाधते. जो आयुष्यभर गादीवर बसला, त्याने नम्रतेचा धडा ऐकला तर त्याचे कल्याण होते. परंतु ज्याच्या वाडवडिलांस गावाने वाकावयासच लाविले, त्याच्या कानी तेच शब्द पडले म्हणजे जुन्या घावावरची खपली निघते.

आपल्या खानदेशातील लहान लहान मंडळ्यांत बसणाऱ्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज वेसकराचे काम करीत. रात्री वेशीवर जागणे, सरकारी निरोप व टपाल गावोगाव पोहोचविणे, मेलेली गुरे ओढून नेणे, आणि ह्या सर्वांच्या बदली बलुत्याची शिळी भाकर पदरात घेणे, हा त्यांचा धर्म ठरविला होता. पाटील दिसताच दूर उभे राहून कमरेत वाकून जोहार करावा लागे. कनिष्ठ गावकामगारांची ती वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. परंतु पाठीस लागलेला बाक कायद्याच्या एका कागदाने सरळ होत नाही. म्हणून उपदेशक जेव्हा ‘बंधूंनो, लीन व्हा’ असे म्हणतो, तेव्हा मागल्या रांगेतील एखादा वृद्ध मनातल्या मनात विचारीत असेल, ‘बाबा, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाकूनच होतो, तेवढे पुरे झाले नाही काय? देवालाही आमचे वाकणेच हवे काय?’

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो खरा आहे व त्यास खरे उत्तर दिले पाहिजे. ते न देता आपण नम्रतेची स्तुती गात राहिलो, तर बलवानांस सोयीचे व दुर्बळांस जड असे एक शुभवर्तमान सांगितल्याचा दोष आपणांवर येईल.

ह्या प्रश्नाचे उत्तर असे की, देवापुढील नम्रता आणि मनुष्यापुढील लाचारी ह्या एका जातीच्या गोष्टी नाहीत. बाहेरून पाहता दोहोंत मान खाली जाते खरी. परंतु भुकेने वाकलेला मनुष्य आणि कणसाच्या भाराने वाकलेले दादरचे ताट हे दोन्ही दुरून सारखेच दिसतात म्हणून ते एक होत नाहीत. लाचारीचे मूळ भयात व गरजेत असते. तिचे डोळे समोरच्याच्या हाताकडे लागलेले असतात: हा हात देईल काय, की मारील? नम्रतेचे मूळ सत्यात असते. मी कोण आहे हे देवाच्या उजेडात जसे आहे तसे पाहणे, कमी नाही आणि जास्तही नाही, हीच नम्रता होय.

मग मी कोण आहे? उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकात सांगितले आहे की मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. दुसऱ्यात सांगितले आहे की तो मातीचा घडलेला आहे. ही दोन्ही वचने एकाच मनुष्याविषयी आहेत. पाटलाविषयी प्रतिरूपाचे आणि वेसकराविषयी मातीचे, अशी त्यांची वाटणी देवाने केलेली नाही. ती वाटणी माणसांनी केली. जो आपण माती आहोत हे विसरतो तो गर्विष्ठ होतो. जो आपण देवाचे प्रतिरूप आहोत हे विसरतो तो लाचार होतो. दोघांनीही अर्धेच सत्य धरिले आहे, आणि नम्र मनुष्य तेवढा दोन्ही एकत्र धरून चालतो. ह्यावरून दिसेल की गर्व आणि लाचारी ही परस्परांची शत्रू नसून भावंडेच आहेत. जो वरच्यापुढे लोटांगण घालतो, तोच बहुधा खालच्यास लाथ मारतो. साहेबापुढे हात जोडून उभा राहणारा कारकून खेडुतास दिवसभर ओट्यावर कसा तिष्ठत ठेवितो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

पवित्र शास्त्रात ह्याचे उत्तम उदाहरण बाप्तिस्मा करणारा योहान हे आहे. प्रभू येशूविषयी बोलताना तो म्हणाला की, त्याच्या पायतणाचा बंद सोडण्याचीही माझी योग्यता नाही. ते काम त्या काळी घरातल्या हलक्यातल्या हलक्या चाकराचे असे. येशूने वाढावे व आपण कमी व्हावे, ह्यात त्याला आनंद वाटला. पण हाच योहान हेरोद राजापुढे उभा राहिला, आणि भावाची बायको ठेवणे तुला योग्य नाही असे त्याला तोंडावर म्हणाला. त्याबद्दल तो बंदिवासात गेला व शेवटी त्याचे शिर गेले. पायतणाच्या बंदासाठी खाली बसणारा आणि राजापुढे ताठ उभा राहणारा हे दोन मनुष्य नव्हते. तो एकच होता. किंबहुना, पहिल्याखेरीज दुसरे त्याला साधलेच नसते. ज्याने देवापुढे गुडघे टेकले, त्याच्या गुडघ्यांत मनुष्यापुढे कापरे भरत नाही. म्हणून त्या वृद्ध बंधूस आपण असे सांगावे: ‘बाबा, देव तुमचे जुने वाकणे वाढवू पाहत नाही, तो ते संपवू पाहतो. तुम्ही एकापुढेच नमावे, म्हणजे शंभरांपुढे वाकण्यापासून तुमची सुटका होईल.’

येथे कोणी विचारील की, तर मग वडीलधाऱ्यांस, अधिकाऱ्यांस, गुरुजनांस मान द्यावयाचा नाही काय? द्यावयाचा, अवश्य द्यावयाचा. प्रेषित पेत्राने राजाचा मान राखण्यास सांगितले आहे. परंतु त्याच वचनात देवाचे भय धरण्यासही सांगितले आहे, आणि राजास मान व देवास भय असा भेद ठेविला आहे. ज्याचे त्याला देणे हा न्याय आहे. पण देवाचे घेऊन मनुष्यास देणे ही मूर्तिपूजा होय, मग ती मूर्ती दगडाची असो की हाडामांसाची.

नामान सेनापतीची गोष्ट (२ राजे ५) तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तीत नम्रतेची एक सुंदर शाळाच भरलेली आहे. नामान मोठा, शूर, राजाच्या मर्जीतला. परंतु अंगावर कोड. त्याच्या घरी धरून आणलेली एक लहान इस्राएली मुलगी होती. शास्त्रात तिचे नावही दिलेले नाही. तिला लाचार होण्याची सर्व कारणे होती, तरी ती बोलली. आणि तिच्या एका वाक्यामुळे सेनापती अलीशाच्या दारी आला. अलीशा बाहेर आला नाही. त्याने निरोप पाठविला की यार्देनेत सात वेळ बुडी मार. तेव्हा नामानास राग आला. दिमिष्कातल्या आमच्या नद्या काय वाईट आहेत, असे तो म्हणाला. जणू तापीकाठचा मनुष्य म्हणत आहे की, आमची भरलेली तापी सोडून मी वाघुरेच्या पाण्यात का उतरू? त्याचे चाकर शहाणे होते. त्यांनी समजूत घातली आणि तो उतरला. नदीच्या पाण्यात औषध नव्हते. त्याच्यात आणि देवात जो मोठेपणा आडवा उभा होता, तो त्या सात बुड्यांत वाहून गेला.

पण गोष्ट तेथे संपत नाही, आणि उपदेशक बंधूंनो, पुढचा भाग आपल्यासाठी आहे. बऱ्या झालेल्या नामानाने रुपे, सोने व पोशाख पुढे केले. अलीशाने त्यातील काहीही घेतले नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र गुपचूप रथामागे धावला आणि लबाडी करून ते घेऊन आला. त्याबरोबर नामानाचे कोडही त्याला चिकटले. गेहजी रोज संदेष्ट्याच्या सहवासात राहत होता. देवाचे काम त्याच्या हातून होत होते. तरी त्याचे डोळे देणाऱ्याच्या हातावर होते. देवाच्या घरात चाकरी करूनही मनुष्य लाचार राहू शकतो, ही ह्या गोष्टीची सूचना फार गंभीर आहे.

आपल्याच महाराष्ट्रातील एका विख्यात बाईचे चरित्र ह्या बाबतीत मनन करण्याजोगे आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांस कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्या परक्या देशात त्यांच्याजवळ पैसा नव्हता व आप्तही नव्हते. आश्रय होता तो तेथील ख्रिस्ती भगिनींच्या मठाचा. अशा स्थितीत दुसरी कोणी असती तर आश्रयदात्यांच्या प्रत्येक शब्दास तिने मान डोलाविली असती. परंतु श्रद्धेच्या ज्या गोष्टी आपल्या विवेकास पटल्या नाहीत, त्या केवळ वडिलांच्या आज्ञेवरून मान्य करण्यास रमाबाईंनी नकार दिला. आणि तो नकार त्यांनी त्या भगिनींस पत्रांतून आदराने परंतु स्पष्टपणे कळविला. काहींना तो गर्व वाटला. तो गर्व होता काय? त्यांचे पुढील आयुष्य पाहून ठरवा.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ह्याच पंडिता तिकडे गेल्या. त्यांचे स्वतःचे आईबाप दुष्काळाच्या उपासमारीत गेले होते, म्हणून भूक काय असते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. उपाशी व निराधार मुलीबायकांस त्यांनी आणिले, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावी त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. मग पन्नाशीच्या सुमारास त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. जिच्या जिभेवर संस्कृत लहानपणापासून खेळत होती, तिने ह्या भाषांतरात जड संस्कृत शब्द हेतुपुरस्सर टाळिले. कारण खेड्यातल्या अडाणी बाईस ते वाचून समजावे ही तिची इच्छा होती. त्याच सदनातील स्त्रियांच्या हातांनी त्याचे खिळे जुळविले गेले. सरकारने १९१९ साली त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. पण त्यांचे काम चालू होते ते भाषांतराचे. ते पुरे झाले आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या देवाघरी गेल्या. जी पंडिता वडील भगिनींच्या दडपणापुढे वाकली नाही, ती अक्षरशत्रू बाईसाठी आपले पांडित्य खाली ठेवावयास वाकली. नम्रता व लाचारी ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट कसे दाखवावे?

रमाबाईंच्या साक्षीतील आणखी एक गोष्ट आपणांस पुढच्या मुद्द्याकडे नेते. बाप्तिस्मा झाल्यावर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु स्वतः ख्रिस्त अजून मिळावयाचा आहे. विचार करा: धर्म आधी आणि ख्रिस्त मागाहून! हा उलटा क्रम किती जणांच्या घरी चालू असेल?

क्रमाचे महत्त्व शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. आधी नांगरट, मग वखरणी, मग वापसा पाहून पेरणी, मग निंदणी व कोळपणी. कोणी म्हणेल की निंदणी चांगले काम आहे, म्हणून मी पेरणीच्या आधी निंदतो, तर त्याच्या शेतात तण नसेल पण कपाशीही नसेल. निंदणी वाईट नव्हे. तिची जागा चुकली. आत्मिक जीवनात आपण बहुधा वाईट गोष्टींनी तितके बुडत नाही, जितके चांगल्या गोष्टी चुकीच्या जागी ठेवून बुडतो. मार्थेचा स्वयंपाक वाईट नव्हता. प्रभू त्या घरी जेवणारच होता. परंतु पाहुण्यासाठी चाललेली धावपळ पाहुण्याहून मोठी झाली, आणि बहिणीविषयी कुरकुर तिच्या तोंडी आली. कुरकुर ही क्रम चुकल्याची पहिली खूण आहे.

उपदेशक बंधूंनो, आणि मंडळीच्या शाळेत व वस्त्यांत झटणाऱ्या भगिनींनो, आपले काम देवाचे आहे, म्हणूनच आपला धोका अधिक आहे. दुकानदारास कळते की दुकान म्हणजे देव नव्हे. परंतु मंडळीचे रजिस्टर, उपासनेची हजेरी, वर्गणीची पावती, वरिष्ठांस पाठवावयाचा अहवाल, ह्या सर्वांवर देवाचे नाव असल्यामुळे तीच देव आहेत असा भास होतो. सकाळी प्रार्थनेचा वेळ अहवालाने खाल्ला, तर आपण म्हणतो की तेही प्रभूचेच काम. होय, काम प्रभूचे. पण त्या दिवशी प्रभू मात्र ओसरीवरच उभा राहिला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे कवी, उपदेशक व ‘ज्ञानोदया’चे संपादक म्हणून त्यांची कीर्ती झाली. तरी १९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली आणि ‘देवाचा दरबार’ नावाची बंधुता मांडिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, त्यांचे देहावसान झाले. सर्वांनी नोकरी सोडावी असे ह्यावरून मी म्हणत नाही. मुलाबाळांच्या पोटास घालणे हेही देवाने नेमिलेले कर्तव्य आहे, आणि पगार घेऊन प्रामाणिक सेवा करणारा मनुष्य कमी प्रतीचा नाही. टिळकांपासून घ्यावयाचे ते एवढेच, की प्रथम काय हा प्रश्न उतारवयातही पुन्हा विचारण्यास ते भ्याले नाहीत.

आता मानाविषयी दोन शब्द. आपल्या मंडळ्यांत जी भांडणे होतात, त्यांपैकी शिक्षणमतावरून थोडी आणि मानावरून फार होतात. पंचांत कोणाचे नाव, पुढल्या खुर्चीवर कोण, कोनशिलेवर कोणाचे नाव आधी, सणाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर आभार कोणाचे राहिले! लूकाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने जेवणाऱ्यांस पहिल्या आसनाविषयी जो दाखला दिला, तो जणू आपल्याच लग्नाच्या पंगती पाहून दिला आहे.

ह्या बाबतीत नशिराबादकरांस तरी दूर जावयास नको. १८८० साली छापलेल्या खानदेशच्या सरकारी गॅझेटियरमध्ये नशिराबाद नावाचा तालुका आहे, आणि आजचे मोठे जळगाव त्या तालुक्यात मोडत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६२ ते १८६५ च्या सुमारास, कापसाचे भाव चढले. रेल्वेच्या रस्त्यावरील जळगावची पेठ फुगली. आणि युद्ध संपताच भाव कोसळून त्याच पेठेस मोठा धक्काही बसला. पुढे तालुक्याचे नाव बदलले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली पूर्व खानदेशास जळगावचे नाव मिळाले. एके काळी ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जाई, ते आज जळगाव तालुक्यातील एक गाव आहे. पण नाव गेले म्हणून येथल्या एका तरी विहिरीचे पाणी आटले काय? एका तरी शेतात दाणा कमी पिकला काय? ज्या मानासाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तो सरकारी दप्तरातील एका ओळीसारखा आहे. लिहिणारा बदलला की ओळ बदलते. देवाच्या पुस्तकात आपले नाव कोठे आहे, हा प्रश्न वेगळा आहे. आणि तेथे कोणाची वशिलेबाजी चालत नाही.

तर मग आपल्या अंगी नम्रता आहे की लाचारी, आणि आपला क्रम बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखावे? मला तीन परीक्षा सुचतात.

पहिली ही की, मोठ्यापुढे व लहानापुढे तुमचा आवाज एकच राहतो काय? तहसीलदाराशी बोलताना जो गोडवा, तो झाडणाऱ्या बाईशी बोलतानाही राहिला, आणि तिच्यापुढे जी मोकळीक, ती तहसीलदारापुढेही राहिली, तर ती नम्रता आहे.

दुसरी ही की, तुमच्या हातचे काम देवाने दुसऱ्यास दिले, आणि ते त्याच्या हातून अधिक चांगले झाले, तर तुम्हांस आनंद होतो काय? योहानास झाला. ही परीक्षा फार कठीण आहे, आणि ह्यात पाळकही पुष्कळदा नापास होतात.

तिसरी ही की, दिवसातील पहिला मोकळा क्षण कोणाकडे जातो? ओठांवर कोणाचे नाव आहे हे सांगणे सोपे. पण उठल्याबरोबर हात कशाकडे जातो, पैसे आले असता प्रथम कोणता खर्च आठवतो, संकट पडले असता आधी कोणाचे दार ठोठावतो, ह्यावरून आपले प्रथमस्थान कोणास दिले आहे ते ठरते. प्रभूने डोंगरावर सांगितले की अन्नवस्त्र लागते हे स्वर्गीय पित्यास ठाऊक आहे. पण आधी त्याचे राज्य शोधा. अन्नवस्त्र सोडा असे त्याने म्हटले नाही. त्याने क्रम लावून दिला.

शेवटी, ज्यांची मुले आज शिकून शहरांत गेली आहेत, त्या आईबापांस एक विनंती. त्यांस जोहाराची गोष्ट सांगा. लाजेने झाकून ठेवू नका. आपण कोठून निघालो हे त्यांना कळू द्या, म्हणजे ते कोणापुढे लाचार होणार नाहीत. आणि ज्याने काढिले त्याचे नाव कळू द्या, म्हणजे ते कोणास तुच्छ मानणार नाहीत. आपल्या बापाच्या पाठीस जो बाक होता तोच दुसऱ्याच्या पाठीस आणावा, असे ज्याच्या मनात येईल, त्याची सुटका अजून अर्धीच झाली आहे असे समजावे.

प्रभू येशूने शेवटल्या रात्री कमरेस रुमाल बांधिला व शिष्यांचे पाय धुतले. योहानाच्या तेराव्या अध्यायात त्या कृतीआधी एक गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे: पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो व देवाकडे जात आहो, हे जाणून तो उठला. ज्याला आपण कोण हे पूर्ण ठाऊक होते, तोच खाली बसू शकला. त्याला कोणी बसविले नव्हते. बंधुभगिनींनो, अशा रीतीने नमण्याची कृपा देव आपणांस देवो, आणि बाकी सर्व ठिकाणी सरळ उभे राहण्याचे धैर्यही तोच देवो. आमेन.